सोळा कोरचा पीसी आणि घाटकोपरवरचे झटके: एका मशीनची पूर्ण केस

"दादा, सोळा कोर घेतले आणि विमान बैलगाडीसारखं उतरतंय." मावसभावाचा फोन रात्री साडेअकराला असा सुरू झाला, हॅलो नाही की कसा आहेस नाही.

आधी मशीन काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा नाशिकला असतो, दिवसा आर्किटेक्ट लोकांना ब्लेंडरमध्ये वॉकथ्रू बनवून देतो आणि रात्री फ्लाइट सिम्युलेटर उडवतो, जॉयस्टिक पेडल सगळं घेऊन, मावशीच्या भाषेत "खोलीत विमानतळ केलाय". जुना पीसी एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसरचा होता, म्हणजे ८ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) १६ थ्रेड (एका वेळी चालू शकणारे कामाचे धागे). आता घेतला रायझन ९ ७९५०एक्सथ्रीडी, १६ कोर ३२ थ्रेड, सोबत डीडीआर५ रॅमच्या ३२ जीबीच्या चार पट्ट्या म्हणजे १२८ जीबी, मदरबोर्ड सेकंडहँड, ग्राफिक्स कार्ड जुन्या पीसीतलंच आरटीएक्स ४०७० टीआय, मॉनिटर १४४०पी. आणि एसएसडी पण जुनीच, तिच्यातल्या विंडोजसकट तशीच उचलून नव्या बोर्डात लावली. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

रेंडर एकदम मस्त, आधीच्या निम्म्याहून कमी वेळात. बोंब होती ती सिम्युलेटरची. वर ढगात असताना ठीक, पण मुंबईत रनवे २७ वर उतरायला पूर्वेकडून घाटकोपरवरून खाली यायला लागलं की खाली सगळी दाटी, बिल्डिंगा, झोपड्या, एअरपोर्टवरची उभी विमानं, आणि तिथे चित्र क्षणभर अडकायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. नेमकं जेव्हा हात स्थिर पाहिजे तेव्हा. जुन्या ८ कोरच्या पीसीवर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमीच यायच्या पण असे झटके नव्हते, हे तो शपथेवर सांगत होता.

मी विचारलं टास्क मॅनेजर काय म्हणतो. तर सीपीयू (प्रोसेसर) १८ टक्के, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ५५ टक्के. "म्हणजे दोघंही रिकामे बसलेत, मग काम अडलंय कुठे?" प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. ३२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण १०० टक्के घाम गाळत असला तरी टास्क मॅनेजरच्या एकूण आकड्यात तो फक्त ३.१ टक्के दिसतो, कारण १०० भागिले ३२. म्हणजे १८ टक्के याचा अर्थ साधारण सहा थ्रेडभर काम चाललंय, आणि त्या सहातला एक, गेमचा मुख्य थ्रेड, पार पिळून निघालेला असू शकतो. बरं कोरवार आलेख उघडून बघितला तरी कुठला एक चौकोन १०० ला टेकलेला दिसेलच असं नाही, कारण विंडोज तो थ्रेड सेकंदाला अनेकदा या कोरवरून त्या कोरवर हलवत असतं, सरासरीत सगळे चौकोन अर्धवट भरलेले दिसतात. आणि जीपीयू ५५ वर थांबलाय याचा सरळ अर्थ त्याला वेळेवर काम मिळत नाहीये, सीपीयूची वाट बघतोय.

लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी आठचे सोळा केले म्हणून भात लवकर शिजत नाही, आचारी एकच आहे. गेममध्ये तो आचारी म्हणजे मुख्य थ्रेड: विमान आत्ता कुठे आहे, काय काय दिसतंय, कुठल्या वस्तू काढायच्या, हे ठरवून झाल्याशिवाय बाकीचे थ्रेड पुढचं ताट वाढू शकत नाहीत. जीन ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेला हिशोब हाच. समजा एका फ्रेमचं ६० टक्के काम वाटून देता येतं आणि ४० टक्के एकामागून एकच करावं लागतं, तर ८ कोरवर वेग २.१ पट होतो आणि १६ कोरवर २.२९ पट. कोर दुप्पट, फायदा जेमतेम ९ टक्के. ६० एफपीएससाठी, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमसाठी, एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात आचाऱ्याचंच काम १४ मिलिसेकंदांचं असेल तर वाढपी कितीही आणा. रेंडरिंगचं उलट आहे, तिथे चित्राचे तुकडे करून ज्याला त्याला देता येतात आणि कोणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून ब्लेंडर त्याच मशीनवर सुसाट.

पण यातून झटक्यांचं उत्तर मिळत नाही. यातून एवढंच कळतं की १६ कोरवर गेम ८ कोरपेक्षा फार वेगाने का नाही पळत. वाईट का पळतो ते नाही कळत. त्यासाठी हा प्रोसेसर आत कसा आहे ते बघायला लागतं.

७९५०एक्सथ्रीडी (फेब्रुवारी २०२३ चा) हा खरं म्हणजे एक प्रोसेसर नाहीच, आठ-आठ कोरचे दोन चिपलेट (छोट्या चिप) एका पाटावर बसवलेत, आणि दोघं जुळे पण नाहीत. पहिल्या चिपलेटच्या डोक्यावर ६४ एमबीचा जास्तीचा कॅशचा थर चिकटवलाय, त्यामुळे त्याच्याकडे एल३ कॅश ९६ एमबी. दुसऱ्याकडे नेहमीची ३२ एमबी. (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, पैसे नव्हेत हे मावशीला सांगावं लागलं, ती म्हणाली पैसेच गेलेत ना पण.) त्या वरच्या थरामुळे पहिल्याला व्होल्टेज आणि उष्णता जपून घ्यावी लागते म्हणून तो ५.२ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतो, दुसरा मोकळा असल्याने ५.७ पर्यंत जातो. म्हणजे एक स्वयंपाकघर जरा सावकाश पण कोठीघर शेजारीच, दुसरं चपळ पण कोठी लहान, सारखं बाजारात पळावं लागतं. बाजार म्हणजे रॅम. एल३ मधून माल आणायला साधारण १० नॅनोसेकंद, रॅममधून आणायला ७०-८०, आणि ५ गिगाहर्ट्झला ८० नॅनोसेकंद म्हणजे ४०० ठोके नुसते हात बांधून उभं राहणं. फ्लाइट सिम्युलेटर हे कोठीवर जगणारं प्रकरण आहे, हजारो वस्तूंची माहिती इकडून तिकडून चाळत असतं, त्यामुळे मोठ्या कॅशवर ते चपळ कोरपेक्षाही चांगलं चालतं.

आता खरी मेख. गेमचे काही थ्रेड पहिल्या चिपलेटवर आणि काही दुसऱ्यावर पडले तर त्यांना एकमेकांचा माल मागायला मधल्या पुलावरून जावं लागतं, एएमडी त्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतं, आणि हा निरोप एकाच चिपलेटमधल्या निरोपापेक्षा तीन-चार पट वेळ घेतो. त्यात मुख्य थ्रेडच जर या चिपलेटवरून त्या चिपलेटवर गेला तर त्याची गोळा केलेली सगळी कोठी मागे राहते, नव्या जागी परत पहिल्यापासून भरायची. झटका. जुन्या ५८००एक्समध्ये एकच चिपलेट होता, पूलच नव्हता, म्हणून तो बिचारा हळू पण सरळ चालायचा. मावसभावाची शपथ खरी होती.

म्हणजे फोनवरच माझा अंदाज झाला होता की या मशीनवर गेमला जास्त कोर द्यायचे नाहीयेत, बरोबर ते आठ द्यायचेत आणि बाकीच्या आठांना तिथून लांब ठेवायचंय. पण अंदाज आणि पुरावा यात फरक असतो, आणि बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारी बोर्डाची सेटिंग्ज) तर एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून स्क्रीन बघून, बघता येत नाही. शनिवारी पुण्याहून सकाळची बस पकडली.

गेल्यावर पहिला तास तर त्याने व्हिडिओ बघून काय काय करून ठेवलंय याची चौकशी करण्यात गेला. एक, एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन बूट टॅबमध्ये नंबर ऑफ प्रोसेसर्सला टिक मारून ३२ निवडलेलं, "सगळे कोर अनलॉक" म्हणून. हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तद्दन फालतू आहे, ती सोय कोर कमी करून टेस्टिंग करण्यासाठी आहे, विंडोज सगळे कोर आपणहून वापरतंच. टिक काढली. दोन, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. तीन, कोणत्यातरी डीब्लोट स्क्रिप्टने विंडोज "हलकं" केलेलं, त्यात एक्सबॉक्स गेम बार (विंडोजमधलं गेमसाठीचं पॅनेल) उडवलेला, गेम मोड बंद. "ते काय रे, बिनकामाचं असतं ना?" इतर पीसीवर म्हणलं असतं हो, असेना. याच पीसीवर नाही. त्याच्याकडे परत येतो.

मोजमाप. नुसतं "आता बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवायचा नाही असं मी ठरवलेलं असतं, कारण तीन तास खपल्यावर सगळंच बरं वाटतं. कॅपफ्रेमएक्स (फ्रेमचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) टाकलं, सिम्युलेटरमध्ये हवामान फिक्स, वेळ दुपारी १२ फिक्स, ट्रॅफिक फिक्स, तेच विमान, ऑटोपायलटवर तोच ॲप्रोच, शेवटची १२० सेकंद रेकॉर्ड, प्रत्येक बदलानंतर तीन वेळा. सरासरी एफपीएस तर बघायचाच पण मुख्य आकडा एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात वाईट फ्रेमांचा वेग, झटके तिथे दिसतात. आणि एका वेळी एकच बदल. हे कंटाळवाणं आहे, मावसभाऊ दुसऱ्या फेरीतच मोबाईल घेऊन बसला.

जसं होतं तसं: सरासरी ५८, एक टक्का लो २४. या दोन आकड्यांतलं अंतर हेच दुखणं.

मग सगळ्यात सोपा प्रयोग, ज्याला एक रुपया पण लागत नाही. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर, डीटेल्स टॅब, गेमच्या नावावर राइट क्लिक, सेट ॲफिनिटी, म्हणजे हा प्रोग्रॅम कुठल्या थ्रेडवर चालवायचा ते. सीपीयू ० ते ३१ असे बत्तीस चौकोन येतात. विंडोजमध्ये एका कोरचे दोन थ्रेड शेजारी शेजारी मोजले जातात, म्हणून ० ते १५ म्हणजे पहिला चिपलेट, कॅशवाला, आणि १६ ते ३१ दुसरा. (लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे मोजणी वेगळी असते, पहिला चिपलेट म्हणजे ० ते ७ आणि १६ ते २३, टास्कसेट वापरताना हे चुकलं तर अर्धा इकडे अर्धा तिकडे होईल.) १६ ते ३१ च्या टिका काढल्या, ओके. विमान हवेतच होतं. फ्रेमच्या वेळेच्या आलेखातली काट्याकुट्यांची रेघ डोळ्यादेखत बसली, एखाद्या रडणाऱ्या पोराला कडेवर घेतल्यासारखी. मोजलं तर सरासरी ७१, एक टक्का लो ४९.

आता मला खात्री करायची होती की फायदा कॅशचा झाला की पूल टळल्याचा, म्हणून उलट करून बघितलं, फक्त १६ ते ३१, म्हणजे चपळ पण लहान कोठीवाला चिपलेट. सरासरी ५९, जवळपास पहिल्याइतकीच. पण एक टक्का लो ३८. हा आकडा मला सगळ्यात जास्त आवडला. सरासरी वाढली नाही तरी झटके बरेच कमी झाले, म्हणजे झटक्यांमागे मोठा हात दोन चिपलेटमधल्या ये-जाचा होता, आणि सरासरीतली वाढ मुख्यतः मोठ्या कॅशची. दोन आजार होते, एकाच औषधाने दोन्ही हलले म्हणून एकच वाटत होते. हे माझ्या वहीतले एका मशीनवरचे आकडे आहेत, तुमच्या गेममध्ये वेगळे येतील, पण ही तीन फेऱ्यांची पद्धत कुठल्याही दोन चिपलेटवाल्या रायझनवर करून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

"झालं की मग, जेवायला चला," मावशी म्हणाली. झालं नव्हतं. ॲफिनिटी गेम बंद केला की विसरली जाते, प्रत्येक वेळी परत लावा. अँटी-चीटवाले बरेचसे ऑनलाइन गेम हात लावू देत नाहीत. आणि एक बारीक खोडी अशी की ॲफिनिटीने आपण गेमला १६ थ्रेडवर कोंडतो पण गेम सुरू होताना बरेचदा विंडोजला विचारतो एकूण किती, विंडोज सांगतं ३२, मग तो ३२ च्या हिशोबाने कामगार थ्रेड उभे करतो आणि ते सगळे सोळा जागांवर कोंबाकोंब करतात. या सिम्युलेटरला फार त्रास झाला नाही पण काही गेम यातच आणखी अडखळतात. म्हणून ॲफिनिटी निदानासाठी उत्तम, रोजच्या औषधासाठी शेवटचा पर्याय.

रोजची सोय एएमडीने केलेली आहे, आणि तीच आपल्या पठ्ठ्याने उडवली होती. ती चालते अशी: चिपसेट ड्रायव्हरसोबत थ्रीडी व्ही-कॅश परफॉर्मन्स ऑप्टिमायझर नावाचा एक छोटा ड्रायव्हर येतो. गेम बार ओळखतो की समोर गेम चालू आहे. ओळखलं की विंडोजला कॅशवाले कोर आधी वापरायला सांगितलं जातं आणि दुसऱ्या चिपलेटचे कोर पार्क होतात, म्हणजे झोपवले जातात, काम फारच वाढलं तरच उठवायचे. गेम संपला की परत चपळ कोर पुढे. आता बघा, गेम बारच नाही म्हणजे ओळखणारा पहारेकरी नाही. हाय परफॉर्मन्स प्लॅन म्हणजे कोणी झोपायचंच नाही असा हुकूम, त्यामुळे पार्किंग बंद. वर जुनी विंडोज, जिने जन्मभर एकच चिपलेट बघितला. साखळीतली प्रत्येक कडी तुटलेली, आणि प्रत्येक कडी "परफॉर्मन्स वाढवण्यासाठी" तोडलेली.

जेवणानंतर एकेक कडी जोडायला घेतली. बायोसमध्ये सीपीपीसी डायनॅमिक प्रिफर्ड कोर्स नावाचं, कोणते कोर आधी वापरायचे ते ठरवणारं सेटिंग असतं, त्यात ऑटो, ड्रायव्हर, फ्रिक्वेन्सी, कॅश असे पर्याय, कोणीतरी फ्रिक्वेन्सीवर ठेवलेलं (बोर्ड सेकंडहँड, आधीच्या मालकाची करामत असेल), ते ड्रायव्हरवर केलं. पॉवर प्लॅन बॅलन्स्ड. स्टोअरमधून गेम बार परत, गेम मोड चालू, चिपसेट ड्रायव्हर काढून नवा टाकला, रीस्टार्ट. रिसोर्स मॉनिटर उघडून सीपीयूच्या टॅबमध्ये उजवीकडे बघत बसलो, तिथे झोपलेल्या कोरच्या नावापुढे पार्क्ड असं लिहून येतं. गेम सुरू. काही नाही. सगळे बत्तीस टक्क जागे. विंडोज की आणि जी दाबून गेम बारच्या सेटिंगमध्ये रिमेंबर धिस इज अ गेमला टिक केली, परत सुरू. परत काही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर दिसतोय, पिवळं त्रिकोण पण नाही, आणि काम मात्र करत नाही.

इथे मी दीड तास घालवला आणि तो घालवायला नको होता. जुनी एक चिपलेटवाली विंडोज, वरून डीब्लोट स्क्रिप्टने कुठल्या कुठल्या सर्व्हिस मारलेल्या, तिची साफसफाई करत बसण्यापेक्षा फॉरमॅट मारणं स्वस्त. दोन चिपलेटच्या थ्रीडी प्रोसेसरवर येताना विंडोज नव्याने टाका हा सल्ला मला माहीत होता तरी मी आळस केला, कारण त्याचे प्लगइन, लायसन्स, जॉयस्टिकच्या सेटिंग्ज सगळं परत लावायचं होतं. शेवटी संध्याकाळी सहाला नवी विंडोज ११, आधी चिपसेट ड्रायव्हर, मग ग्राफिक्स ड्रायव्हर, सगळे अपडेट, मग गेम. साडेनऊला सिम्युलेटर उघडला, रिसोर्स मॉनिटर दुसऱ्या मॉनिटरवर, आणि सीपीयू १६ पासून खाली ओळीने पार्क्ड, पार्क्ड, पार्क्ड. मावसभावाने फोटो काढला. सोळा कोरचे पैसे भरून आठ झोपलेले बघून आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आकडे: सरासरी ७२, एक टक्का लो ५०. ॲफिनिटीच्या प्रयोगाइतकेच, म्हणजे निदान बरोबर होतं.

रविवारी रॅम. चार पट्ट्यांवर बोर्डाने आपणहून वेग ३६०० वर ठेवला होता, आणि यात बोर्डाची चूक काही नाही, या पिढीत एएमडीचा अधिकृत आकडाच दोन पट्ट्यांना ५२०० आणि चारला ३६०० असा आहे. लोक १२८ जीबी बघून खूश होतात आणि हे वाचतच नाहीत. त्याला विचारलं रेंडरला जास्तीत जास्त किती लागलेली बघितलीस, तर म्हणे चाळीसच्या वर कधी गेली नाही. मग दोन पट्ट्या काढल्या, उरलेल्या ६४ जीबीवर एक्सपो प्रोफाइल (रॅमसाठी तयार असलेलं वेगवान सेटिंग) लावून ६०००. पण त्याआधी बायोस अपडेट केलं, ते टाळू नका: २०२३ च्या एप्रिलमध्ये काही ७००० थ्रीडी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये प्रोसेसरच्या एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. आपला सेकंडहँड बोर्ड त्याच्या आधीच्या बायोसवर होता. यूपीएसला जोडून केलं, नाशिक असो की पुणे, लाईटचा भरवसा नाही.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू केलं आणि स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. पंखे फिरतायत, चित्र नाही. मावसभावाचा चेहरा उतरला, "दादा, बोर्ड गेलं?" आतून मावशी, "लाईट गेली का रे?" डीडीआर५ मध्ये पहिल्या बूटला बोर्ड रॅमची तालीम घेतं, पट्टीपट्टीला वेळा जुळवून बघतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात, आणि घाबरून बटण दाबलं की पहिल्यापासून. हात मागे बांधून उभं राहायचं. तिसऱ्या मिनिटाला लोगो आला.

सरासरी ७६, एक टक्का लो ५४. फार नाही वाढलं, मोठी कॅश असलेल्या चिपलेटला रॅमच्या वेगाची भूक कमीच असते. नुसत्या गेमसाठी कोणी विचारलं तर मी रॅमवर फार पैसे घालवू नका असंच सांगेन.

मग त्याने खरी अडचण सांगितली, जी पहिल्याच फोनवर सांगायला हवी होती: रात्री तो रेंडर लावून उडवायला बसतो. तीन-चार तासांचं रेंडर मागे, पुढे विमान. आता पार्किंगची सगळी युक्ती "बाकी काही चालू नाही" यावर उभी आहे. ब्लेंडर सीपीयूवर सुरू झालं की झोपलेले आठही उठतात, ब्लेंडर मिळेल त्या प्रत्येक थ्रेडवर बसतं, कॅशवाल्यांवर पण, आणि गेमची कोठी उधळून टाकतं. करून बघितलं, एक टक्का लो १९. सुरुवातीपेक्षा वाईट.

पण खरं सांगू का, सोळा कोर इथेच वसूल होतात. ब्लेंडरसाठी एक छोटी बॅच फाइल बनवून दिली, स्टार्ट कमांडमधून ॲफिनिटी देऊन, हेक्समध्ये चार एफ आणि पुढे चार शून्य, म्हणजे फक्त वरचे सोळा थ्रेड, दुसरा चिपलेट. ब्लेंडरलाही सांगितलं की थ्रेड सोळाच धर, आणि प्रायॉरिटी बिलो नॉर्मल. गेमला प्रोसेस लासोमध्ये (प्रोग्रॅमना कोर वाटून देणारं सॉफ्टवेअर) सीपीयू सेट्स लावले ० ते १५. सीपीयू सेट ही ॲफिनिटीपेक्षा मवाळ गोष्ट आहे, "इथे बस" असं सांगते, दार बाहेरून लावत नाही. दोन स्वयंपाकघरं, दोन वेगळी कामं, मधल्या पुलावर गर्दी नाही. रेंडर चालू असताना सरासरी ६८, एक टक्का लो ४५. रॅम शेवटी दोघांना एकच, त्यामुळे एवढं कमी होणारच. रेंडरला वेळ जास्त लागतो, अर्धेच कोर ना, पण ते रात्रभर चाललं तरी कोणाचं काय जातं.

ज्यांच्याकडे इंटेल आहे त्यांच्याकडे पूल नाही पण कोर दोन जातीचे आहेत, २०२१ च्या बाराव्या पिढीपासून मोठे पी कोर आणि लहान ई कोर. १३९००के मध्ये ८ मोठे १६ लहान, मुख्य थ्रेड लहानावर पडला की तोच रडका आलेख. तिथे विंडोज ११ आणि थ्रेड डायरेक्टर (कुठलं काम कुठल्या कोरवर ते सुचवणारी इंटेलची सोय) बऱ्यापैकी सांभाळून घेतात, नाही घेतलं तर निदानाची पद्धत हीच, ॲफिनिटीने फक्त पी कोरवर चालवा आणि मोजा. आणि एएमडीच्या पुढच्या पिढीतल्या ९९५०एक्सथ्रीडीत (मार्च २०२५) पण जास्तीची कॅश एकाच चिपलेटला आहे, त्यामुळे वरचं सगळं त्यालाही लागू.

निघताना त्याने तो प्रश्न विचारलाच. "मग दादा, ८ कोरचा ७८००एक्सथ्रीडी घेतला असता तर?" अमेरिकेत आला तेव्हा त्याची किंमत ४४९ डॉलर होती, याची ६९९. नुसता गेम खेळत असतास तर हो, तोच घ्यायला हवा होता, एकच चिपलेट, ना पार्किंग ना पहारेकरी, लावा आणि खेळा, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्हीत ८ च कोर आहेत, मोठे गेम बनवणारे तेवढ्याच वाढप्यांचा हिशोब धरून बनवतात, सोळाची वाट कोणी बघत नाहीये. पण तुझं घर चालतं ते रेंडरवर, आणि एका मशीनवर दोन्ही एकाच वेळी करायचं तर हेच बरं. त्याने मान हलवली, पटलं की नाही माहीत नाही.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून आलोय: पॉवर प्लॅन बॅलन्स्ड, गेम बार काढायचा नाही, बायोस अपडेट केलं की सीपीपीसी परत ड्रायव्हरवर (अपडेटमध्ये सेटिंग उडतं), नवीन गेम टाकला की रिसोर्स मॉनिटरमध्ये पार्क्ड दिसतंय का ते एकदा बघायचं. दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, एक जुना शूटर मात्र कॅशवाल्या कोरवर उलट कमी फ्रेम देतोय. तो गेम एवढासा की त्याची सगळी माहिती लहान कोठीतच मावते, त्याला नुसता वेग पाहिजे. प्रोसेस लासोमध्ये त्याच्यापुरतं १६ ते ३१ लावायला सांगितलं, खूश.

एक झटका अजून आहे. कधी न बघितलेल्या नव्या शहरावर पहिल्यांदा विमान नेलं की थोडं अडखळतं, दुसऱ्यांदा नाही. तो डेटा इंटरनेटवरून तेव्हाच उतरत असतो, त्यासाठी त्याने आता ब्रॉडबँडवाल्याला फोन लावलाय.